पडद्यामागून पाहिलेलं गाणं

तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या की मला गाणं ऐकू यायला लागतं. कानांचा दोष म्हणावा तर कान तसेही आता अर्ध्याच कामाचे राहिलेत. पौष आला की मुलगा शेतावरून शेंगांची पिशवी भरून आणतो, घरभर तो कच्चट, ओला वास पसरतो आणि मी वाशीमच्या या पक्क्या घरातून उठून थेट माझ्या सासरच्या केनवडच्या बाजारात जाऊन बसते. सून म्हणते, आई, गॅस बंद करू का, शेंगा मऊ झाल्या. मी म्हणते, कर बाई. तिला काय ठाऊक, माझं गाणं कुठपर्यंत आलंय ते.

परवा नातवानं भिंतीएवढ्या टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या गवयाच्या जलशाचा सिनेमा लावला. हजारो माणसं, धूर, रंगीत दिवे, आकाशातून फिरणारा कॅमेरा. गवई चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यानं तान घेतली की चित्र बदले, डोळे मिटले की चित्र बदले. मी म्हटलं, "अरे, त्या माणसाला एका जागी बसू तर दे." नातू हसला. "आजी, हा जगातला सगळ्यात भारी कॉन्सर्ट आहे. तुला काय कळतं यातलं?"

मला यातलं फार कळत नाही, हे खरंच आहे. आयुष्यात मी मनापासून असा एकच सिनेमा पाहिला. पण तो दोनदा पाहिला आणि दोन्ही बाजूंनी पाहिला. एवढं भाग्य त्या नातवाच्या वाट्याला यायचं नाही. म्हणून मी शेंगा सोलत राहिले.

तेव्हा माझं लग्न होऊन पहिलाच हिवाळा होता. देश नवा नवा स्वतंत्र झाला होता आणि सरकारला आम्हाला पुष्कळ काही शिकवायचं होतं. त्यासाठी हंगामात एक निळी गाडी गावोगाव फिरायची. तिच्यात इंजीन, मशीन, लोखंडी कर्णा आणि घडी घातलेला पांढरा पडदा. बाजाराच्या दिवशी गाडी आली की सांजेला भाकऱ्या लवकर व्हायच्या. विहिरीत औषध कसं टाकावं, देवीची लस कशी टोचावी, बांध कसा घालावा, हे सगळं आम्ही निमूट पाहून घ्यायचो. कारण शेवटी गाण्याचं एक रीळ असायचं, आणि माणसं त्यासाठीच यायची.

पडदा कडुलिंबाला आणि शाळेच्या खांबाला ताणून बांधायचे. पुढच्या बाजूला मशीन आणि पुरुष, मागच्या बाजूला आम्ही बाया. असं कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण गावाचा तो शिरस्ताच होता. पातळ कापडातून चित्र आरपार दिसायचं, त्यामुळे कोणाची काही तक्रार नव्हती. उलट आमच्या बाजूला बिड्यांचा धूर नसायचा, पोरं मांडीवर झोपायची, ओंजळीत गरम शेंगा असायच्या. सुरुवातीला जी अक्षरं यायची ती मला वाचता येईनात. मी वाशीमला चौथी पास झाले होते आणि त्याचा मला ताठा होता. अक्षरं चमत्कारिक दिसतात, हे कळत होतं, पण नव्या सुनेनं बोलून हसं कशाला करून घ्यायचं?

माझ्या शेजारी माझी थोरली जाऊ होती, शेवंताबाई. माहेर किन्हीराजाचं. उंच, काळीसावळी, फटकळ बाई. सासरी तिनंच मला सांभाळून घेतलं. माझी भाकरी फाटली की सासूच्या आधी तीच ओरडायची, म्हणजे सासूला ओरडायला काही उरायचं नाही.

तर त्या संध्याकाळी गाण्याचं रीळ लागलं. आणि ते लागल्याबरोबर मला कळलं की हे काही निराळं आहे.

गाणं सुरूच होईना. एक वयस्क बाई मंडपात येऊन बसली, पदर सावरला, पाणी मागितलं. तोंडासमोरचा माईक तिनं माशी हाकलावी तसा बाजूला सारला. कोणीतरी तो पुन्हा जवळ आणला, तिनं पुन्हा सारला. आमच्याकडल्या बाया खुदखुदल्या. तानपुरा जुळेना, तर ती थांबली, पुन्हा खुंटी पिळली. दुसऱ्या कोणी हे सगळं कापून टाकलं असतं. या माणसानं ते सगळं ठेवलं. तो कोण होता, कुठला होता, मला माहीत नाही. पण कॅमेऱ्यामागं उभा राहिलेला तो माणूस आधी ऐकणारा होता आणि मग चित्र काढणारा, हे मी आजही पैजेवर सांगेन.

"कोन्या मुलखातली हाय व ही बाई?" मागून कोणीतरी म्हणालं. "उजव्या नाकात चमकी घालते!"

"गाऊ दे ना तिले," शेवंताबाई म्हणाली. "नाकानं गाऊन राह्यली का ती?"

मग ती गायला लागली. भजनच होतं, साधं. पण आवाज असा की सगळ्या बायांचं शेंगा खाणं थांबलं. आणि गंमत म्हणजे, पडद्यावरही तसंच झालं. कॅमेरा गाणारीला सोडून ऐकणाऱ्यांत शिरला. तिथं एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तिचे हात हळूहळू थांबले. एक पागोटेवाला म्हातारा मान हलवत नव्हता, फक्त पाहत होता. एक पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला थोपटताना चुकून तालात थोपटत होती. मला वाटलं, आपणच आहोत हे. गाणं गळ्यातून निघतं तेव्हा ते अर्धंच असतं, ऐकणाऱ्याच्या तोंडावर पोचलं की पुरं होतं. हे त्या माणसाला ठाऊक होतं.

आणि मग तिचा आवाज तुटला. वरच्या स्वराला गेली आणि खोकला आला. वय झालं होतं तिचं. एक हात वर करून ती थांबली. आमच्याकडे सगळ्या बायांनी श्वास धरला. हजारभर माणसांसमोर गाणाऱ्या बाईचा आवाज जाणं म्हणजे काय, हे कळायला गाणं यावं लागत नाही. इथं चित्र बदलायला हवं होतं. नातवाच्या सिनेमात ते खात्रीनं बदललं असतं.

या माणसानं कॅमेरा हळूच बाजूला वळवला. गाणारीच्या मागं, अर्ध्या अंधारात, एक तरणा ढोलकवाला बसला होता. त्यानं ताल सोडला नव्हता. आधी अगदी हलक्या हातानं, नुसती बोटं टेकवत, बाईला दम खायला वेळ देत तो वाजवत राहिला. मग त्यानं हात मोकळा सोडला. काय सांगू! मोठा गाजावाजा नाही, मान उडवणं नाही. मोडू पाहणारं गाणं त्यानं दोन हातांवर उचलून धरलं होतं. चित्राच्या कडेला बाई पाणी प्याली, तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मानेनंच सांगितलं, वाजव. कॅमेरा त्याच्यावरून हलला नाही. दुसरीकडं जायची घाईच नव्हती त्याला. ती पुन्हा समेवर येईपर्यंत तो त्या पोराच्या हातांपाशी थांबला.

शेवंताबाईनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की दोन काचेच्या बांगड्या फुटल्या.

"नाम्या!" ती म्हणाली. "अव सुमन, माहा नाम्या!"

आणि पुढच्याच क्षणी तिनं हात सोडला.

"नाही व. हा त उजवा हाय."

नामदेव हा तिचा पाठचा भाऊ. किन्हीराजाहून परागंदा होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, तिच्या लग्नाच्याही आधीपासून. जिवंत आहे की नाही, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. तिचे वडील गावच्या भजनी मंडळाचे बुवा, मोठे कडक. आणि पोटी आलेला मुलगा डावरा. जेवताना डावा हात पुढं आला की त्याला रट्टा बसायचा. पण ढोलकीवर बसला की त्याचा डावाच हात बोलायचा. बुवांना ते खपत नसे. देवापुढं ज्या हातानं वाजवायचं तो हात उजवाच हवा. एका एकादशीला, भजन रंगात आलेलं असताना, त्यांनी सगळ्या गावादेखत त्याच्या पुढ्यातली ढोलकी उचलून दुसऱ्याला दिली. सकाळी नामदेव घरात नव्हता. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव निघत नसे, आणि शेवंताबाई दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची.

त्या सांजेला घरी येताना ती पुन्हा पुन्हा मागं वळून पाहत होती. शेवटी म्हणाली, "तोंड त्याचं, वाजवनं त्याचं. हात कोनाचे व ते?" माणसाचा हात मारून मुटकून फिरवता येतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तसल्या हातातून असं वाजणं निघत नाही, हेही तिला कळत होतं. भाऊ जिवंत आहे म्हणून हसावं, की तो आपला नव्हेच म्हणून रडावं, तिला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष न्याहारीला बसले होते. मी वाढत होते, ती चुलीपुढं होती. कालच्या गाण्याचाच विषय चालला होता. आमचे हे थोरल्या भावाला म्हणाले, "दादा, तो ढोलकवाला पाह्यला का? डावरा होता. उलट्या हातानं काय वाजवे बाप्पा!"

चुलीवरची भाकर जळाल्याचा वास आला, तरी शेवंताबाई हलेना. मी पाणी वाढायचं विसरले. मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ती न वाचता येणारी अक्षरं, ती उजव्या नाकातली चमकी!

पुरुष शेतावर गेल्यावर मी जुन्या धोतराच्या तुकड्यावर कोळशानं एक माणूस काढला. फार काही चांगला आला नाही, ढोलकीऐवजी मडकं घेऊन बसलेला वाटत होता. त्याचा डावा हात मी जाडा करून काळा केला. कापड दारात उजेडापुढं ताणून धरलं आणि तिला म्हटलं, "बाई, मागून पाहा." तिनं मागून पाहिलं, काळा हात उजवा झाला होता. पुढं आली. पुन्हा मागं गेली. मग भुईवर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहत होते. रडता रडताच म्हणाली, "सुमन, तुही चवथी कामाची हाय व."

पण तेवढ्यानं तिचं भागलं नाही. भागणारही नव्हतं. कोळशाच्या बाहुलीवर काही बहिणीची नजर निवत नाही. तिला भाऊ सुलट पाहायचा होता. आणि एकटीनं नाही.

गाडीवाल्यानं कर्ण्यावरून सांगितलं होतं, पुढच्या बाजाराला किन्हीराजा. शेवंताबाईनं नवऱ्याजवळ माहेरी जायचा हट्ट धरला. तुरीची सोंगणी तोंडावर आलेली, घरात माणसांचा तुटवडा. पण तिचा हट्ट त्यांना ठाऊक होता. "सुमनले घेऊन जा सोबतीले," एवढंच म्हणाले. आमच्या यांनी बैलगाडी जुंपली. दिवसभराची वाट होती. दोन्ही अंगांना तुरी पिवळ्या पडत चाललेल्या, वेचणीतून सुटलेला कापूस काट्यांना लटकलेला, सरकी काढायला वाशीमच्या जिनाकडं निघालेल्या कापसाच्या गाड्या समोरून येत होत्या. ती वाटेत एकदाच बोलली. "बाबा नाही आले त?"

बुवा यायला तयार नव्हतेच. अंगानं वाळलेले, गळ्यात तुळशीची माळ, आवाज मात्र अजून भारी. "मशीनीतलं काय पाहायचं?" म्हणाले. "कापडावर माणसं नाचवतेत."

"भजन हाय त्याच्यात, बाबा."

"कोनाचं?"

"येऊन त पाहा," ती म्हणाली. भावाचं नाव तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर ते उंबरठ्याबाहेर पडले नसते.

पडदा मारुतीच्या पाराजवळ बांधला होता. तिथंही तीच रीत, बाया मागं. शेवंताबाई सरळ पुढच्या बाजूला गेली आणि वडिलांना खेटून बसली. तिच्याबरोबर मीही. मी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. कोणीतरी म्हणालं, "बाई, बायाईची जागा तिकडं हाय." ती उठेना. बुवांनी त्या माणसाकडं नुसतं पाहिलं. "माही पोरगी हाय. माह्यापाशी बसली."

विहिरी झाल्या, लस झाली, बांध झाले. मग ती बाई आली, पाणी मागितलं, माईक सारला. या बाजूनं चमकी डाव्या नाकात होती. मी पुन्हा तेच पाहत होते आणि ते पुन्हा नवं वाटत होतं. चांगल्या चित्राची ती खूण असावी. पुढं काय होणार हे ठाऊक असूनही तिचा आवाज वर निघाला तसा माझा जीव खालीवर झाला. बुवा आधी अंग चोरून बसले होते. तानपुरा जुळेना तेव्हा त्यांनी "हं" केलं. ती गायला लागली तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. सिनेमात बसलोय, हे ते विसरले होते.

आवाज तुटला. खोकला आला. आणि चित्र वळायच्या आत, नुसत्या बोटांच्या त्या हलक्या ठोक्यांवरच, बुवांची गुडघ्यावरची बोटं थांबली.

"कोन वाजवून राह्यला?"

कॅमेरा वळला. मांडीवर ढोलकी घेऊन नामदेव बसला होता, आणि त्याचा डावा हात सगळ्या गावादेखत बोलत होता.

म्हातारा उठला. मला वाटलं, आता हा निघून जाणार. शेवंताबाईनं त्यांच्या धोतराचा सोगा धरला, तो सोडवून ते चालायला लागले. मशीनच्या उजेडातून गेले तशी त्यांची सावली पडद्यावर पडली आणि लोक ओरडले, "बसा ना बुवा!" ते बसले नाहीत. पडद्याला वळसा घालून ते मागं गेले, बायांच्या बाजूला. तिकडं गलका झाला, बायांनी पदर ओढून घेतले असतील. मग शांत झालं. पडद्याच्या खालून मला त्यांचे अनवाणी पाय दिसत होते. हलत नव्हते. तिथून त्यांना त्यांचा मुलगा उजव्या हातानं वाजवताना दिसत होता. जन्मभर त्यांना जसा हवा होता अगदी तसा, एकही चूक नसलेला.

इकडं ढोलकी चालू होती. तो कॅमेरावाला कुठल्या गावचा, त्याला काय माहीत होतं की किन्हीराजात एक म्हातारा एवढ्या वेळात पडद्याच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला जाणार आहे? त्याला एवढंच माहीत होतं की वाजवणारा वाजवतोय तोवर हलायचं नाही. नातवाला मी हेच सांगायला हवं होतं. मोठं गाणं पकडायला मोठी मशीन लागत नाही. थांबता यावं लागतं. पाहणाऱ्याला उठून चालायला आणि परत यायला वेळ द्यावा लागतो.

पुढं बुवा गाडीवाल्याला ते चित्र कुठं काढलं ते विचारून नागपूरकडं गेले आणि होळीच्या आत मुलाला घेऊन आले. शेवंताबाईनं त्या वर्षीची भाऊबीज फाल्गुनातच केली. ते सगळं झालं. पण माझ्या लेखी तो घरी आला तो त्याच संध्याकाळी, ढोलकी वाजत होती तेवढ्यात. कारण पडद्याखालचे ते पाय एकदम हलले. बाई समेवर यायच्या आत पोचायचं असावं तसे बुवा धावतच पुढच्या बाजूला आले, लेकीजवळ धपकन बसले. डोळे पडद्यावर, धाप लागलेली.

"काय झालं, बाबा?" शेवंताबाईनं भीतभीत विचारलं.

"तिकडं दुसराच कोनी बसेल हाय," ते म्हणाले. "माहा पोरगा इकडून दिसते."